रिकव्हरी सीडी नाही, फॉरमॅट करायचं नाही : २००४ सालचा एक्सपी संगणक पुन्हा चालू करायचा आहे

तरफ
शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार. मदत हवी आहे. विषय बाबांच्या कामाचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मिरजेत आमचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका ही रोजची कामं. २०१२ साली बाबांनी ते बंद केलं, पण संगणक घरी आणून ठेवला. २००५ ते २०११ या काळात बाबा वेळ मिळेल तसे सतारमेकर गल्लीत जाऊन बसायचे आणि कारागीर काम करता करता जे शब्द बोलतात ते वहीत टिपून घ्यायचे. भोपळा कसा पारखतात, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) कशी बसवतात, घोडीची (तारा टेकतात तो पूल) जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारा उतार, कशी काढतात, तरफांच्या (आपोआप झंकारणाऱ्या खालच्या तारा) खुंट्या कुठे येतात. शब्द, त्याचा अर्थ, कुणाकडून ऐकला. रात्री घरी येऊन ते टाइप करायचे. १४० पानं झाली आहेत. सगळं पेजमेकर ७ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये. प्रिंट कधीच काढली नाही, कारण त्यांच्या मते काम अजून पुरं झालेलं नाही. वह्या २०१९ च्या पुरात गेल्या. २००९ मध्ये दोन सीडींवर कॉपी घेतली होती, त्या आता कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचल्या जात नाहीत.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गल्लीतली दोन-तीन तरुण मुलं बाबांकडे या कामाची चौकशी करताहेत. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात ते दुरुस्त्या करत बसले होते, तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच संपलेली. लाइट आल्यावर संगणक चालू केला तर काळ्या पडद्यावर संदेश : विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग या फोल्डरमधली 'सिस्टिम' नावाची फाइल गहाळ आहे किंवा खराब झाली आहे, मूळ सेटअप सीडी टाका आणि पहिल्या पडद्यावर 'आर' दाबा.

सीडी आमच्याकडे नाही. ब्रँडेड मशीन आहे, पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबी हार्ड डिस्क, एक्सपी होम सर्व्हिस पॅक २. खरेदीच्या वेळी सीडी आलीच नव्हती, 'रिकव्हरी सीडी तुम्हीच तयार करून ठेवा' असा एक कागद आला होता. ते कुणी केलं नाही. कॅबिनेटच्या बाजूचं २५ अक्षरी कीचं स्टिकर मात्र शाबूत आहे.

इथल्या एका दुकानात तीन आठवडे मशीन ठेवलं. त्यांचं म्हणणं एकच : फॉरमॅट करावं लागेल, डेटाची हमी नाही. मी परत घेऊन आले. बूट होताना एक की दाबली तर कंपनीची रिकव्हरी सुरू होते असं आज वाचलं. ती दाबू का?

सोल्डरगन
शनिवार, रात्री १०:२५

तरफताई, दाबू नका. आधी मशीन बंद करा आणि प्लगही काढून ठेवा. बाकीचं खाली सांगतो.

त्या काळात बहुतेक कंपन्यांनी सीडी देणं बंद केलं आणि हार्ड डिस्कच्याच एका कोपऱ्यात चार-पाच जीबीचं लपवलेलं पार्टिशन ठेवायला सुरुवात केली. त्यात कारखान्यातून निघतानाची विंडोज असते. ती की दाबल्यावर जे सुरू होतं ते 'दुरुस्ती' नसतं. मशीन २००४ च्या दिवाळीला जसं होतं तसं ते करून ठेवतं, आणि बहुतेक मशीनवर त्यासाठी सी ड्राइव्ह पुसला जातो. श्रीलिपी, पेजमेकर, १४० पानं, सगळं जाईल. काही कंपन्यांच्या रिकव्हरीत 'डेटा ठेवून' असा दुसरा पर्याय असतो, पण डिस्कची तब्येत कळल्याशिवाय मी त्यालाही हात लावणार नाही.

कारण लाइट गेली हे अर्धंच कारण असू शकतं. वीस वर्षांची डिस्क आहे. ती फाइल जिथे लिहिलेली आहे तिथले सेक्टरच (डिस्कवरचे छोटे कप्पे) मेले असतील तर विंडोज जितक्या वेळा चालू करायला जाल तितकी डिस्क आणखी झिजेल. म्हणून क्रम असा : आधी डिस्कची हुबेहूब प्रत, मग जे करायचं ते प्रतीवर. मूळ डिस्क कपाटात.

दुकानदाराने फॉरमॅट सुचवलं त्याबद्दल मला राग येतो, लपवत नाही. गिऱ्हाइकाच्या डिस्कवर काय आहे हे न विचारता फॉरमॅट करणं म्हणजे घरातलं सामान न बघता घराला रंग मारण्यासारखं आहे. जुनी डिस्क लॅपटॉपला जोडणारा एक यूएसबी-आयडीई अडॅप्टर लावून प्रत काढायला एक संध्याकाळ पुरते.

तुमच्याकडे चालू स्थितीतला लॅपटॉप आहे का? आणि १०० जीबी मोकळी जागा असलेली बाहेरची डिस्क?

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री १०:४०

सोल्डरगन यांच्याशी सहमत, पण एक प्रश्न. फाइली काढून घेतल्यावर हे जुनं मशीन जिवंत करायचा खटाटोप कशाला? एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. फोल्डर नव्या लॅपटॉपवर कॉपी करा, श्रीलिपीचे फॉन्ट टाका, झालं. मी कॉलेजच्या जुन्या फाइली अशाच वाचवल्या.

खिळेजुळारी
रविवार, सकाळी ७:१५

कृष्णाकाठ, तुमच्या फाइली वर्डच्या असतील. डीटीपीचा मामला वेगळा आहे. मी कोल्हापुरात २६ वर्षं हेच काम केलं, त्यामुळे याबद्दल अधिकाराने बोलतो.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम या सगळ्यांचे जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. संगणकाला त्यात 'ग' दिसत नाही. त्याच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीचे तुकडे चितारलेले असतात. अर्धा ग एका जागी, काना दुसऱ्या जागी, दोन्ही मिळून डोळ्यांना 'ग' दिसतो. फॉन्ट नसेल तर पानावर नुसता चिन्हांचा सडा. बरं, एकाच कंपनीच्या दोन फॉन्ट मालिकांत तुकड्यांच्या जागा वेगळ्या असू शकतात. काकांनी श्री-देव-०७०८ मध्ये मजकूर आणि दुसऱ्या मालिकेत मथळे केले असतील तर दोन्ही फॉन्ट अगदी तेच लागतील.

दुसरं, पेजमेकरची फाइल आज उघडणार कशात? इनडिझाइन सीएस ६ पर्यंत ती उघडत होती. त्यानंतरच्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल ओळखतच नाहीत.

तिसरं, लॉक. त्या काळात श्रीलिपी घेतली की प्रिंटर पोर्टला लावायचं एक डोंगल मिळायचं. ते लावलेलं असेल तरच टायपिंग चालतं. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो, आणि बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल प्रिंटरपुरती असते, लॉकला ती चालत नाही. मी स्वतः तीन प्रकारच्या केबली घेऊन पाहिल्या आहेत.

म्हणजे फाइली, फॉन्ट, पेजमेकर, लॉक आणि त्या लॉकचा ड्रायव्हर हे सगळं आज एकत्र फक्त एकाच ठिकाणी बसवलेलं आहे, त्या मशीनमध्ये. विंडोज नव्याने टाकली तर श्रीलिपीची सीडी शोधण्यापासून सुरुवात. तरफताई, ती सीडी आहे का?

तरफ
रविवार, सकाळी ९:०५

खिळेजुळारी काका, सीडी नाही. लॉक आहे, प्रिंटर पोर्टलाच लावलेलं आहे. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरोबर सांगतोय तो माणूस. मथळे ०७१४ मध्ये आहेत."

सोल्डरगन, लॅपटॉप आहे, बाहेरची डिस्कही आहे. अडॅप्टर ऑनलाइन मागवते. कुठला घ्यायचा?

सोल्डरगन
रविवार, सकाळी ११:३०

आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) आणि साटा (नव्या डिस्कची) दोन्हीला चालणारा घ्या, आणि त्यासोबत १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर आहे ना ते बघा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. डिस्कच्या मागे छोटा जंपर असतो तो 'मास्टर'वर असू द्या.

लॅपटॉपवर लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह करा आणि त्यावरून बूट करा. विंडोजमधून हे करू नका. विंडोज डिस्क लावल्या लावल्या 'यात अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का' विचारते, आणि कुणीतरी चुकून हो म्हणतं. आजारी डिस्कवर चेकडिस्क चालवलं तर ते अर्धवट वाचता येणाऱ्या फाइलींचे तुकडे करून टाकतं.

प्रत काढायला जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. त्याचं वैशिष्ट्य असं की वाचता न येणाऱ्या जागेपाशी ते अडून बसत नाही. ती बाजूला ठेवून आधी सगळा चांगला भाग काढून घेतं, मग मागे फिरून कठीण जागा पुन्हा वाचून बघतं. कुठे काय झालं याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. पहिली फेरी घासाघीस न करता, दुसऱ्या फेरीत तीन प्रयत्न. कुठून कुठे कॉपी होतेय ते दोनदा वाचा. सोर्स आणि डेस्टिनेशन उलटं झालं तर वाचवायला काही उरणार नाही.

त्याआधी डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढा. त्यातले दोन आकडे मला कळवा : किती सेक्टर बदललेले आहेत आणि किती प्रलंबित.

मांडवी
रविवार, दुपारी ४:२०

धाग्यात घुसते आहे, क्षमस्व. पणजीहून. माझ्याकडे विंडोज ७ चा लॅपटॉप आहे, असाच अडकलेला, सीडी नाही. तिथेही हेच लागू का?

सोल्डरगन
रविवार, सायं. ६:१०

मांडवी, प्रत आधी हे सगळीकडे लागू. पुढचं सोपं आहे. चालू करताना एफ ८ दाबून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' येतं का बघा. विंडोज ७ रजिस्ट्रीची (विंडोजच्या सगळ्या सेटिंगची नोंदवही) एक प्रत कॉन्फिग फोल्डरच्या आत 'रेगबॅक' नावाच्या फोल्डरमध्ये आपणहून ठेवते. तिथल्या फाइली शून्य आकाराच्या नसतील तर त्या वरच्या फोल्डरमध्ये आणून काम होतं. आणि समजा पुन्हा टाकायचीच वेळ आली, तर अपडेटला २०१९ नंतर शा-२ सह्या (अपडेट खरा असल्याची नवी डिजिटल खूण) लागतात, म्हणून केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ हे दोन पॅच आधी हाताने टाकावे लागतात. नाहीतर अपडेट तासन्‌तास नुसतं फिरत राहतं. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

तरफ
गुरुवार, रात्री ११:४५

अडॅप्टर काल आला. आज ऑफिसहून आल्यावर बसले.

स्मार्ट : बदललेले सेक्टर ६, प्रलंबित ११.

डीडीरेस्क्यूची पहिली फेरी दोन तास चालली. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते, टक्केवारी बघत. ९९.९९ वर येऊन थांबलं. दुसऱ्या फेरीत ११ पैकी ४ वाचले गेले. म्हणजे ७ सेक्टर सोडून ८० जीबी सगळे हातात आहेत. प्रत फक्त वाचण्यापुरती उघडून 'तंतुवाद्य' फोल्डर पाहिला. फाइली आहेत! एकेकीचा आकार बाबांनी सांगितला तसाच दिसतोय. दोन ठिकाणी कॉपी करून ठेवल्या.

इतक्या दिवसांनी आज झोप लागेल. मूळ डिस्क बाबांनी स्वतः कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

खिळेजुळारी
शुक्रवार, सकाळी ६:५०

वा! हे वाचून सकाळ चांगली झाली. पुढचंही होईल.

सोल्डरगन
शुक्रवार, सकाळी ८:४०

उत्तम काम केलंत. सात सेक्टर म्हणजे साडेतीन केबी. त्यातले काही नेमके त्या 'सिस्टिम' फाइलखाली असणार.

आता दुरुस्तीचं. प्रतीवरून एक नवी डिस्क तयार करू. १२० जीबीची साधी साटा एसएसडी आणि आयडीई-साटा कन्व्हर्टर घ्या. १२० च का, तर २००४ च्या आसपासच्या काही बायोसना (मदरबोर्डवरचा संगणक सुरू करणारा प्रोग्राम) १३७ जीबीच्या पुढे मोजता येत नाही. उगाच जोखीम नको. डीडीरेस्क्यूनेच प्रत त्यावर उतरवा. मास्टर बूट रेकॉर्डपासून (एमबीआर, डिस्कच्या सुरुवातीचा बूटचा भाग) लपवलेल्या पार्टिशनपर्यंत सगळं जसंच्या तसं उतरेल.

इथे एक इशारा, कारण इंटरनेटवर सगळीकडे पहिला सल्ला 'फिक्स एमबीआर चालवा' असा असतो. तुमची अडचण बूट रेकॉर्डची नाहीच. आणि काही कंपन्यांची रिकव्हरीची की त्याच बूट रेकॉर्डमध्ये गुंतवलेली असते. तो साधा करून टाकला की पार्टिशन जागेवर असूनही की चालेनाशी होते.

तुमची 'सिस्टिम' फाइल रजिस्ट्रीचाच भाग आहे. एक्सपी रिस्टोअर पॉइंट (मागच्या स्थितीत परतायची सोय) बनवते तेव्हा रजिस्ट्रीची पूर्ण प्रतही ठेवते. सी ड्राइव्हवर 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा लपलेला फोल्डर आहे, विंडोजमधून उघडत नाही, लिनक्समधून उघडतो. त्यात 'रिस्टोअर' आणि पुढे महिरपी कंसात लांबलचक क्रमांक असा फोल्डर. त्यात आरपी आणि आकडा अशा नावांचे फोल्डर, प्रत्येकात 'स्नॅपशॉट'. काका गेल्या महिन्यापर्यंत मशीन वापरत होते, म्हणजे अलीकडचे पॉइंट नक्की असतील. एक्सपी साधारण ९० दिवसांचे ठेवते.

लाइट गेली त्याच्या आदल्या तारखेचा स्नॅपशॉट निवडा. त्यातल्या पाच फाइली लागतील : सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट. स्नॅपशॉटमध्ये त्यांच्या नावांआधी 'रजिस्ट्री मशीन' वगैरे जोडलेलं असतं, ते काढून टाकायचं. कॉन्फिग फोल्डरमधल्या जुन्या पाच फाइलींना वेगळी नावं द्या, पुसू नका. मग नव्या पाच तिथे ठेवा. पाचही एकाच स्नॅपशॉटमधल्या हव्यात, दोन तारखांची सरमिसळ चालत नाही.

ठेवण्यापूर्वी प्रत्येक फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) उघडून सुरुवातीची चार अक्षरं बघा. आर, ई, जी, एफ अशी असली पाहिजेत. तिथे नुसती शून्यं असतील तर ती फाइल गेलेली आहे.

'विंडोज'मधल्या 'रिपेअर' फोल्डरातही रजिस्ट्रीच्या प्रती असतात आणि त्या वापरा असा सल्ला मिळेल. कंपनीने विंडोज टाकून दिलेल्या मशीनवर तसं करू नये. त्या प्रती कारखान्यातल्या असतात, त्यात नसलेली युजर खाती आणि पासवर्ड उपटतात आणि आत जाणंच अवघड होतं.

कृष्णाकाठ
शुक्रवार, सकाळी ९:३०

वाचनखूण साठवली. रविवारचा माझा प्रश्न मागे घेतो. ॲक्टिव्हेशनचं काय पण? डिस्क बदलली की एक्सपी पुन्हा की मागेल ना?

सोल्डरगन
शुक्रवार, सकाळी १०:१५

चांगला प्रश्न. ब्रँडेड मशीनमध्ये कारखान्यातल्या एक्सपीचं नातं मदरबोर्डच्या बायोसशी असतं. सिस्टिम३२ मध्ये 'ओईएमबायोस' नावाच्या चार फाइली असतात. बायोसमध्ये कंपनीचं नाव जुळलं की ॲक्टिव्हेशन मागत नाही. म्हणून मदरबोर्ड तोच असेतो डिस्क बदलली तरी चालतं.

स्टिकरवरची की यात लागतच नाही. सॉफ्टवेअरने काढलेली की आणि स्टिकरची की जुळत नाहीत म्हणून लोक घाबरतात. कारखान्यात सगळ्या मशीनवर कंपनीची एकच की असते, स्टिकरवरची प्रत्येकाची वेगळी, ती नव्याने विंडोज टाकली तर वापरायची. तरी तिचा फोटो काढून ठेवा ताई, शाई उडते. हाच डोलारा व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) उचलून नेला तर मात्र बायोस जुळणार नाही आणि की मागेल. शिवाय लॉकचा प्रश्न आहेच.

तरफ
रविवार, दुपारी १:५५

अडले. एसएसडीवर प्रत उतरली. आरपी ४१२ सगळ्यात नवा होता, त्यातल्या पाच फाइली ठेवल्या. चार अक्षरंही पाचही फाइलींत बरोबर होती. मशीनला एसएसडी जोडली तर बायोसला डिस्कच दिसत नाही.

सोल्डरगन
रविवार, दुपारी २:१०

कन्व्हर्टरवरचा जंपर मास्टरला आहे का? आणि त्याच केबलवर सीडी ड्राइव्ह असेल तर तो तूर्त काढा. कॅबिनेट उघडंच आहे तर मदरबोर्डचा फोटोही टाका, प्रोसेसरच्या बाजूचा.

अजून एक : इतके आठवडे मशीनला वीज नव्हती, म्हणजे बायोसची तारीख गेलेली असणार. विंडोज सुरू होऊ देण्याआधी ती नीट करा. सीआर२०३२ सेल तीस-चाळीस रुपयांत मिळतो, नवा टाका.

तरफ
रविवार, दुपारी ३:४०

जंपरच होता! डिस्क दिसली. तारीख १ जानेवारी २००२ दाखवत होती, सेल बदलून आजची केली.

विंडोजचं चिन्ह आलं, ती निळी पट्टी फिरू लागली. आणि मग निळा पडदा. 'सॉफ्टवेअर' फाइल वाचता येत नाही असा काहीसा मजकूर. फोटो जोडला आहे. मदरबोर्डचाही.

बिनतारी
रविवार, दुपारी ४:३०

इतके दिवस नुसता वाचत होतो. निळ्या पडद्याचा फोटो मोठा करून पाहिला. 'सिस्टिम' आता वाचली जातेय, म्हणजे निम्मं काम झालं. 'सॉफ्टवेअर' ही पाचातली सगळ्यात मोठी फाइल असते, वीस-तीस एमबीची. डोक्याशी चार अक्षरं ठीक असली तरी मध्ये भोक असू शकतं. तुमच्या सात सेक्टरांपैकी एखादा आरपी ४१२ च्याच पोटात असेल. मॅप फाइलवरून ते शोधता येईल, पण त्यापेक्षा एक पाऊल मागचा पॉइंट घेऊन बघा. पाचही फाइली पुन्हा.

तरफ
रविवार, सायं. ५:५०

आरपी ४११ घेतला.

सुरू झालं. तो जुना स्वागताचा आवाज आला आणि बाबा आतल्या खोलीतून काठी न घेता आले.

श्रीलिपी उघडली, लॉक ओळखलं. पेजमेकर उघडलं. पहिलं पान समोर आहे. 'तंतुवाद्य कारागिरांची बोली', आणि खाली सगळ्या कारागिरांची नावं, ज्यांच्याकडून शब्द घेतले. त्यातले पाचजण आता नाहीत. बाबा बराच वेळ त्याच पानावर थांबले.

बिनतारी, सोल्डरगन, खिळेजुळारी काका, तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही.

खिळेजुळारी
रविवार, सायं. ६:३०

आभार राहू देत. काकांना माझा नमस्कार सांगा. एक काम मात्र आज रात्रीच करा. पीडीएफ प्रिंटर टाका आणि १४० पानांची पीडीएफ काढा, फॉन्ट आत गुंतवून. मजकूर नंतर कशातही बदलता येईल, पण पान काकांनी जसं लावलं तसं दिसायला हवं.

सोल्डरगन
रविवार, रात्री ८:१५

आनंद झाला. आता वाईट बातमी, पण हाताबाहेरची नाही. मदरबोर्डच्या फोटोत प्रोसेसरशेजारचे दोन कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसताहेत, एकाच्या बुडाशी तपकिरी डागही आहे. त्या वर्षांमधल्या कितीतरी बोर्डांवर असे सदोष कॅपॅसिटर बसलेले होते. ते गेले की मशीन मध्येच रिस्टार्ट होतं, आणि मदरबोर्ड गेला तर वर सांगितलेलं बायोसचं नातंही गेलं. पीडीएफ निघाली की मशीन बंद ठेवा. मी इचलकरंजीत असतो, बोर्ड घेऊन या. तेवढ्याच क्षमतेचे, त्याच किंवा जास्त व्होल्टेजचे, लो ईएसआर कॅपॅसिटर बसवून देतो. त्या शब्दांसाठी इतकं तर माझ्याकडून व्हायलाच हवं.

आणि हे मशीन नेटला जोडू नका. फाइलींची ने-आण पेनड्राइव्हने, तोही लिनक्समध्ये तपासून.

तरफ
पुढचा शनिवार, दुपारी १२:२०

पीडीएफ त्याच रात्री काढली. बोर्ड इचलकरंजीहून दुरुस्त होऊन आला. सोल्डरगन यांनी पैसे घेतले नाहीत. बाबांनी त्यांच्यासाठी मिरजेहून पेढे पाठवले होते, ते मात्र घ्यायला लावले.

आता एक छोटी अडचण. मुलांना पाठवायला मजकूर युनिकोडमध्ये हवा आहे. त्याच मशीनवर युनिकोड मराठी वाचायला गेले तर सगळीकडे चौकोन दिसतात. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची खूण केली, तर एक्सपीची सीडी मागतंय. पुन्हा तीच सीडी!

बिनतारी
शनिवार, दुपारी १:०५

ती सीडी तुमच्या डिस्कवरच असण्याची दाट शक्यता आहे. ब्रँडेड मशीनमध्ये सी ड्राइव्हवर किंवा 'विंडोज' फोल्डरच्या आत 'आय३८६' नावाचा फोल्डर शोधा. सीडीवरच्या सेटअपच्या फाइली कंपनीने तिथेच ठेवलेल्या असतात. सीडी मागितल्यावर त्या फोल्डरचा पत्ता द्या. तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवरही ठेवा. खरं तर नव्याने एक्सपीची सीडी बनवायची वेळ आली तर ती यातूनच बनते. कुठल्यातरी संकेतस्थळावरून 'तयार' एक्सपी उतरवू नका, त्यात कुणी काय भरलंय याचा भरवसा नसतो.

खिळेजुळारी
शनिवार, दुपारी ३:३०

युनिकोडमध्ये नेताना कन्व्हर्टर कुठलाही वापरा, पण मालिका नीट निवडा, मजकूर ०७०८ आणि मथळे ०७१४ वेगवेगळे. त्यानंतर मुद्रितशोधन माणसालाच करावं लागेल. चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात. रफाराचं उलट, तो आपण नंतर द्यायचो, युनिकोडला आधी लागतो. त्यामुळे वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की गोंधळ. 'तंबोऱ्या'तला ऱ्या, 'सुऱ्या'तला ऱ्या मुद्दाम तपासा, तो बहुतेक वेळा 'र्या' होऊन येतो. एकामागे एक शब्द कारागिरांच्या उच्चाराप्रमाणे लिहिलेले असतील, तिथे प्रमाण मराठीचा स्पेलचेक लावू नका. तो बरोबर शब्द चूक करून ठेवेल.

तरफ
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१०

धागा वर काढते आहे.

'आय३८६' सी ड्राइव्हवरच होता, आता चौकोन जाऊन मंगल फॉन्टमध्ये मराठी दिसते. युनिकोडचं काम ६० पानांपर्यंत आलं आहे. मी लॅपटॉपवर वाचते, बाबा जुन्या मशीनवर मूळ पान उघडून शेजारी बसतात आणि ताडून बघतात. त्यांच्या बोटांना रेमिंग्टन टाइपरायटरच्या पद्धतीच्या कळा अजून पाठ आहेत.

काल गल्लीतल्या त्या चौकशी करणाऱ्या मुलांपैकी एक येऊन गेला. त्याने आपल्या आजोबांचं नाव पहिल्या पानावर बघितलं, मग त्यांनी सांगितलेला शब्द शोधायला लावला. जवारीची नोंद निघाली, पान ८७. त्याने ती वाचली आणि म्हणाला, इथे एक गोष्ट राहिली आहे, आजोबा घोडी घासताना पट्टीखाली दोरा धरून बघायचे, ते यात नाही. बाबांनी लगेच पेजमेकर उघडलं. नोंदीत आता ती ओळ आहे, खाली त्या मुलाचंही नाव आहे, आणि पाने १४१ झाली आहेत.